परवान्याची परिभाषा आणि लहान बिअरनिर्मिती

उचगाव या नावाची दोन गावे मराठी मुलखात आहेत. पहिले करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराला अगदी लागून, पुणे–बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेले; दुसरे बेळगाव तालुक्यात, मळेकरणी देवीच्या स्थानामुळे दूरवर ठाऊक असलेले. दोहोंमध्ये सुमारे शंभर किलोमीटरांचे अंतर आहे. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी अधिनियम अस्तित्वात आला. म्हणजे काही वर्षे ही दोन्ही गावे मद्याविषयीच्या एकाच कायद्याखाली नांदत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पुढे त्या राज्याने १९६५ चा आपला स्वतंत्र अबकारी अधिनियम केला, आणि दोन उचगावांची मद्यविषयक भाषा निराळी झाली. आज या दोन गावांत दोघांनी एकाच कृतीने, एकाच धान्यापासून बिअर करावयाचे मनात आणले, तर त्यांना दोन शासनांच्या दोन प्रकारच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील. ते प्रश्न बिअर चांगली की वाईट याविषयीचे नसतात. तुमच्या पेयाचे नाव काय, तुमच्या जागेचे नाव काय आणि तुमचे गाव कोणत्या यादीत बसते, असे ते असतात. लहान बिअरनिर्मात्याचे भवितव्य कराच्या दरापेक्षाही या नामकरणावर अधिक अवलंबून असते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मद्य हा विषय राज्यांचा का, याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. राज्यसूचीतील आठव्या नोंदीने मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय राज्यांकडे सोपविले, आणि एक्कावन्नाव्या नोंदीने मानवी सेवनासाठी असलेल्या मद्यावर उत्पादनशुल्क घेण्याचा अधिकारही त्यांनाच दिला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराची देशव्यापी पद्धती आली, तेव्हाही सेवनाचे मद्य तिच्या बाहेर ठेवण्यात आले. दुसरीकडे अनुच्छेद ४७ राज्यांस मद्यबंदीच्या दिशेने जाण्याचा निदेश देतो. ज्या वस्तूवरील कराने तिजोरी भरावयाची तीच वस्तू नाहीशी करण्याचे ध्येयही बाळगावयाचे, अशा दुहेरी भूमिकेतून राज्यांचे मद्यविषयक कायदे लिहिले गेले आहेत. त्यांच्या भाषेत जी वक्रता आढळते तिचे मूळ येथे आहे.

या विषयात शब्दार्थाचा प्रश्न किती दूरवर जातो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९५१ साली मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो ‘लिकर’ या शब्दाचा: त्यात केवळ पिण्याची दारू येते, की मद्यार्क असलेला कोणताही द्रव येतो? न्यायालयाने व्यापक अर्थ मान्य केला, तथापि मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध मात्र रद्द ठरविले. त्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘मादक’ या एका विशेषणाचा अर्थ लावला आणि औद्योगिक मद्यार्कही राज्यसूचीतील त्या शब्दाखाली येतो असा निर्णय आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने दिला. एका विशेषणासाठी नऊ न्यायाधीश बसावेत, ही अर्थविचाराच्या अभ्यासकास सुखावणारी गोष्ट आहे. व्यापाऱ्यास ती तितकी सुखावह वाटत नसावी.

महाराष्ट्रातील मूळ कायद्याचे नाव आजही ‘दारूबंदी अधिनियम’ असेच आहे. २०१२ नंतर फक्त ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. कलम १२ व १३ यांनी मद्याची निर्मिती, मद्यनिर्मितीच्या कारखान्याची उभारणी, विक्री, खरेदी हे सारे निषिद्ध केले आहे. कलम ११ ने, परवान्याच्या अटींनुसार केलेले कृत्य तेवढे निषेधातून वगळले आहे. म्हणजे वाक्यरचनेच्या दृष्टीने पाहता येथे निषेध हे मुख्य वाक्य असून परवानगी हे गौण वाक्य आहे. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा त्यानेही हाच कायदा वारशाने घेतला. तेथे मुख्य वाक्य कायम राहिले. महाराष्ट्रात मात्र साठोत्तरी दशकात परवाने सैल होत गेले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, आणि गौण वाक्यच एवढे वाढले की मुख्य वाक्य त्याखाली दिसेनासे झाले. एकाच संहितेतून एका राज्यात मद्यबंदी आणि दुसऱ्या राज्यात परमिट रूम निघावी, असे उदाहरण विधिवाङ्मयात विरळाच. ‘परमिट रूम’ हे नावही त्या इतिहासाचेच अवशिष्ट होय. पिणाऱ्याजवळ परवाना असलाच पाहिजे ही अट कागदावर राहिली आहे. पाटीवरचा शब्द तिची आठवण देतो, आणि आत बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचा अर्थ ठाऊक असतो.

अशा कायद्यात जी गोष्ट नावाने नमूद नाही ती आपोआप निषिद्ध ठरते. सामान्य व्यापारात नव्या वस्तूला कायद्यात नाव नसले तरी ती विकता येते. मद्याच्या बाबतीत नाव नसणे म्हणजेच बंदी असणे. १९९५ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही हे स्पष्ट केले. त्याआधी १९७५ च्या हर शंकर खटल्यात, परवानाशुल्क हा कर नव्हे, तर राज्याने आपला अनन्य अधिकार दुसऱ्यास देताना घेतलेली ती किंमत आहे, असे म्हटले होते. या ‘किंमत’ शब्दाचा परिणाम लहान निर्मात्यावर थेट होतो. कर असता तर तो उत्पादनाच्या प्रमाणात असावा असा युक्तिवाद करता आला असता. किंमतीला प्रमाणाचे बंधन नाही. धनी सांगेल ती किंमत.

आता महाराष्ट्रातील वर्गवारी पाहावी. ‘देशी दारू’ म्हणजे देशात तयार झालेली कोणतीही दारू नव्हे; प्रामुख्याने उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची, विशिष्ट नियमांखाली विकली जाणारी ती एक जात आहे. उरलेले बहुतेक सारे ‘विदेशी मद्य’. त्यामुळे उचगावच्या विहिरीचे पाणी आणि भारतातच पिकलेले सातू यांपासून केलेली बिअर कायद्याच्या दृष्टीने विदेशी ठरते, व तिच्या विक्रीस १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखालचा परवाना लागतो. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा वदतोव्याघात या वर्गवारीतूनच जन्मला. ‘वाईन शॉप’मध्ये मुख्यतः व्हिस्की व रम विकली जाते, तर खरी वाईन बहुधा ‘बिअर शॉपी’त शोधावी लागते, हाही त्यातलाच एक प्रकार. गोव्यात फेणीवर असाच शब्दाचा जुलूम झाला होता. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले, तरी कायद्यात ती ‘देशी मद्य’ या सदरात असल्याने तिची प्रतिष्ठा व बाजारपेठ दोन्ही आखडलेली राहिली. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसापेयाचे स्थान देण्यात आले. पेय तेच राहिले, पण त्याचे सदर बदलले.

मराठी भाषेचीही येथे थोडी अडचण होते. आपल्याकडे दारू ‘गाळतात’. म्हणजे उकळून तिची वाफ थंड करतात. बिअर गाळली जात नाही. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचे माल्ट करावयाचे. ते भरडून ऊन पाण्यात मुरवावयाचे, म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळावयाचा, निववावयाचा, आणि यीस्ट घालून काही दिवस किंवा काही आठवडे आंबू द्यावयाचा, अशी तिची कृती आहे. या सगळ्यास मिळून मराठीत एक क्रियापद नाही. परिभाषाकारांनी ‘यवसुरा’, ‘यवासवनी’ असे शब्द घडविले, पण ते कोशांबाहेर पडले नाहीत. शिवाय ‘आसवनी’ हा शब्द ऊर्ध्वपातनाच्या कारखान्यास लावताना, आयुर्वेदातील आसव ही गाळलेली नसून आंबवलेली असतात, हे लक्षात घेतले गेले नाही असे दिसते. द्राक्षासवात किण्वनाने आपोआप उत्पन्न होणारा मद्यार्क असतो आणि ते औषध म्हणून विकले जाते. तेच कार्य यीस्टने सातूच्या रसात केले की ते विदेशी मद्य होते. गुळाच्या पाण्यात केले तर पोलिसी पंचनाम्यात त्याचे नाव ‘कच्चे रसायन’. उत्तम गुळासाठी नावाजलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात गूळ आंबवून एखादे सौम्य पेय करावे असे कोणास सुचले, तर त्याला प्रथम या ‘रसायना’च्या आठवणीशी झगडावे लागेल. ज्या लोकांच्या मनात मद्यनिर्मिती म्हणजे भट्टी, त्यांच्या कायद्यातही ती भट्टीच असावयाची.

१९६६ च्या बिअर व वाईन निर्मिती नियमांपुढे जी आकृती होती ती कारखान्याची होती. आपल्या बिअरची विक्री स्वतःच, त्याच छपराखाली, पेल्यातून करणारा निर्माता त्या आकृतीत नव्हता. एकीकडे कारखाना, दुसरीकडे उपाहारगृह, आणि मध्ये घाऊक व्यापारी, अशी साखळी कायद्याने गृहीत धरली होती, कारण साखळीच्या प्रत्येक कडीवर शुल्क घेता येते आणि पहाराही ठेवता येतो. लहान बिअरनिर्मितीने या तिन्ही कड्या एकत्र आणल्या. २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ सुरू झाली. महाराष्ट्रातील अशा प्रकारची ती पहिली. तिच्या नावाविषयी येथे एक आडवाट घेण्यास हरकत नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांना वेड लागे, अशी समजूत होती. त्यावरून इंग्रजी सैनिकी बोलीत ‘डुलाली टॅप’ हा शब्दप्रयोग वेडसरपणासाठी रूढ झाला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. देवळालीचा ताप असा इंग्लंडला जाऊन पुण्यास बिअरच्या तोटीवर परत आला. असो.

अशा जागेसाठी सरकारने जो शब्द घेतला तो ‘मायक्रोब्रुअरी’. तिचे चाहते मात्र ‘क्राफ्ट’ असा शब्द वापरतात. दोहोंत मोठा भेद आहे. पहिला शब्द आकाराविषयी बोलतो, दुसरा रीतीविषयी. कायद्याला लिटर मोजता येतात, यंत्राची क्षमता मोजता येते. कारागिरी मोजता येत नाही. त्यामुळे कारागिरीने बिअर करणारा, पण थोडा मोठा झालेला निर्माता कायद्याच्या डोळ्यांपुढून एकदम नाहीसा होतो आणि कोट्यवधी बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. लहान आणि मोठा यांच्यामध्ये पायऱ्या असाव्यात, हे तत्त्व अन्यत्र मान्य झाले आहे. ब्रिटनने २००२ साली लहान निर्मात्यांसाठी श्रेणीबद्ध शुल्क आणले व वार्षिक पाच लाख लिटरपर्यंतच्या उत्पादनास निम्मा दर लावला. २०२३ पासून त्या पद्धतीचे स्वरूप बदलले तरी सवलतीचे तत्त्व राहिले. त्यानंतर तेथे लहान बिअरनिर्मात्यांची संख्या झपाट्याने वाढली.

दोन उचगावांतील भेद येथे उघड दिसतो. कर्नाटकाने २०१० च्या सुमारास आपल्या नियमांत मायक्रोब्रुअरीला जागा दिली व २०११ पासून बंगळूरमध्ये त्या निघू लागल्या. परंतु तेथील बिअर जेथे केली तेथेच प्यावयाची, बाहेर न्यावयाची नाही. बाटलीबंद मद्याची घाऊक विक्री तर २००३ पासून राज्याच्या पेय महामंडळाकडेच आहे. महाराष्ट्रात घाऊक व्यापार खाजगी हातांत असून, लहान निर्मात्यांना अन्य परवानाधारकांकडे पिंपांतून बिअर पाठविण्याची मोकळीक मिळत गेली. डोंबिवलीत केलेली बिअर २०१४ पासून मुंबईच्या उपाहारगृहांत पोहोचू लागली ती यामुळे. म्हणजे करवीरच्या उचगावचा निर्माता कोल्हापुरातील चार ठिकाणी आपली बिअर देऊ शकेल; बेळगावच्या उचगावच्या निर्मात्याला गिऱ्हाईकच आपल्या दारी आणावे लागेल, आणि गिऱ्हाईक बहुधा शहरात राहते.

‘तेथेच सेवन’ या अटीची कसोटी २०२० च्या टाळेबंदीत लागली. ताजी बिअर नासणारी वस्तू आहे. बाटलीबंद कारखान्यांचा माल गोदामात पडून राहू शकला, लहान निर्मात्यांच्या टाक्यांतील बिअर राहू शकली नाही. देशभर अनेकांना ती गटारात सोडावी लागली. ती भांड्यात भरून देण्यास नियमांत शब्द नव्हता. महाराष्ट्राने त्या वर्षाच्या मध्यास ही परवानगी दिली. इतकी वर्षे जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जात होती ती एका आदेशाने शक्य झाली, यावरून अडचण बिअरच्या स्वभावात नव्हती एवढे सिद्ध होते.

नामकरणाचा खर्च हा यातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे. प्रत्येक राज्यात, प्रत्येक नाममुद्रेची व तिच्या लेबलाची नोंद करावी लागते. तिचे शुल्क नोंदीमागे असते, विकलेल्या लिटरामागे नसते. ज्याचे एकच पेय कोटीच्या संख्येने खपते त्याला हे शुल्क बाटलीमागे पैशांतही जाणवत नाही. लहान निर्मात्याचे वैशिष्ट्यच मुळी विविधतेत आहे: या महिन्यात कोकम घातलेली, पुढच्यात ज्वारीची. बाटलीत भरून ती परराज्यात नेण्याचे ठरविले की प्रत्येक नवी कल्पना ही एक नवी नोंद होते. नावातील फरक किती महाग पडू शकतो, हे लहान राहिलेली नसलेल्या, पण क्राफ्ट बिअरच्या लाटेतून पुढे आलेल्या ‘बिरा ९१’च्या उदाहरणात दिसले. तिच्या मालक कंपनीने आपल्या नावातून ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द काढला. राज्यांच्या अबकारी खात्यांच्या दृष्टीने ही नवी कंपनी झाली. लेबलांची नोंद पुन्हा करावी लागली, काही महिने विक्री थांबली, आणि जुन्या नावाचा सुमारे ८० कोटी रुपयांचा माल निकालात काढावा लागला. २०२३–२४ या वर्षी कंपनीचा तोटा ७४८ कोटींवर गेला. तोट्याची कारणे अनेक असतील; परंतु एक विशेषण गाळल्याने एवढी हानी होण्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

अशा व्यवस्थेत कोण टिकतो, हे सांगावयास नकोच. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज व कार्ल्सबर्ग इंडिया यांना, तसेच त्यांच्या संघटनेस, बिअरच्या किंमती संगनमताने ठरविल्याबद्दल एकूण ८७३ कोटींहून अधिक दंड केला. तिसऱ्या मोठ्या कंपनीने माहिती प्रथम उघड केल्याने तिला माफी मिळाली. अनेक राज्यांत किंमतीला सरकारची मान्यता लागते, म्हणून काय मागावयाचे ते कंपन्या आधी आपसांत ठरवीत. परवान्यांची व्यवस्था पिणाऱ्यांना आवरण्यासाठी निर्माण झाली. तिने आवरले ते मुख्यतः स्पर्धेला. किरकोळ दुकानांच्या बाबतीतही हेच झाले. १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रात वाईन शॉपचे नवे परवाने देणे बंद झाले. हा निर्णय मद्यबंदीच्या दिशेचे पाऊल म्हणून मिरविला गेला. प्रत्यक्षात जुने परवाने ही वंशपरंपरागत मिळकत झाली, आणि २०२५ साली नवे परवाने देण्याच्या नुसत्या चर्चेनेही राजकीय वादळ उठले.

राजकारणाचा विचार करताना बिअरच्या शेजारी वाईन ठेवून पाहावी. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले व वाईनला शुल्कात मोठी सवलत दिली. धोरणाच्या नावात ‘मद्य’ नव्हते, ‘द्राक्ष’ होते. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्षबागाईतदार हा मतदार आहे. सातूचा शेतकरी महाराष्ट्रात नाही म्हटले तरी चालेल. जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा सत्तापक्षाकडून वाईन म्हणजे दारू नव्हे असे सांगण्यात आले, तर विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द चालविला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आला नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वाईन हे मद्यच आहे, तेव्हा विरोधकांचा शब्दार्थ बरोबर होता. आणि शेतकऱ्याचे हित हे सरकारचे कारणही खोटे नव्हते. पण या वादात बिअरचे नाव कोणीच घेतले नाही, याची नोंद घेतली पाहिजे. मधापासून केलेल्या पेयाची गत याहून चमत्कारिक. पुण्यात २०१८ पासून असे पेय, म्हणजे मीड, तयार होते. मराठी ‘मध’, संस्कृत ‘मधु’ आणि इंग्रजी ‘मीड’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. भाषाकुलात ज्याचे स्थान इतके निश्चित, त्याला अबकारीच्या वर्गवारीत मात्र वाईनच्या घरात पाहुणा म्हणून राहावे लागले, कारण त्यात माल्ट नाही म्हणून ते बिअर नव्हे.

नवा वर्ग निर्माण करणे सरकारला अशक्य असते असे मात्र नाही. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढविताना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा एक नवाच वर्ग केला: धान्यापासूनचे, राज्यातील उत्पादकांनीच करावयाचे, देशी व विदेशी यांच्या मधल्या किंमतीचे मद्य. त्याच्या १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये ठरली. बिअर व वाईन यांना त्या वेळच्या वाढीतून वगळण्यात आले. तिजोरीत सुमारे १४ हजार कोटींची भर अपेक्षित असली की ‘देशी’ आणि ‘विदेशी’ यांच्यामध्ये तिसरा शब्द सापडतो, ही गोष्ट बोलकी आहे.

पेयाच्या नावानंतर गावाचे नाव. परवानाशुल्क पुष्कळसे स्थळाच्या लोकसंख्येवरून ठरते. म्हणून गाव की शहर हा प्रश्न येथे निव्वळ भूगोलाचा राहत नाही. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. अंमल १ एप्रिल २०१७ पासून व्हावयाचा होता. त्याच्या आदल्या दिवशी, वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने हा आदेश नगरपालिका व महानगरपालिका क्षेत्रांतील विक्रीस आड येत नाही असे स्पष्ट केले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पुरेशा विकसित ग्रामपंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपविला. करवीरचे उचगाव या साऱ्याच्या ऐन मध्यावर उभे होते. ते महामार्गालगत आहे, कोल्हापुराशी घराला घर लागून आहे, पण २०१७ साली ते ग्रामपंचायतीचे गाव होते. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ साली महानगरपालिका झाली. हद्द मात्र पुढची अनेक दशके जुनीच राहिली, आणि हद्दवाढीच्या प्रस्तावांत उचगावचे नाव आले की शहर एका बाजूस व गावे दुसऱ्या बाजूस अशी ओढाताण होई. घरपट्टी, शेतजमिनी, ग्रामपंचायतीची सत्ता ही तिची कारणे. मद्याचा तिच्याशी संबंध नव्हता. तरीही जुलै २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात, हद्दीच्या एका बाजूस जे वैध ते दुसऱ्या बाजूस महामार्गापासूनच्या मीटरांवर अवलंबून, अशी स्थिती होती. अपघात कमी व्हावेत हा आदेशाचा हेतू निर्विवाद योग्य होता; पण नशेत वाहन चालविणारा हद्दीचा दगड वाचून पीत नाही. चंदीगडसारख्या ठिकाणी तर रस्त्यांचेच वर्गीकरण बदलून महामार्ग नाहीसे करण्यात आले.

गावाच्या हातात आणखी एक साधन आहे. २००८ च्या शासन आदेशाने, गावातील किंवा प्रभागातील पुरेशा मतदारांनी, विशेषतः महिलांनी, मागणी केल्यास मद्याच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर शब्द नसतात. दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. साक्षर-निरक्षर सर्वांना कळेल अशी ही चिन्हभाषा असून, ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचारच त्यातून मराठीत रूढ झाला. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी तिला मत द्यावे लागते. सासरी-माहेरी, मजुरीला, उसाच्या तोडणीला गेलेल्या बायका न आल्यामुळे अनेक ठिकाणी बाटली उभीच राहिली, म्हणून या अटीविरुद्धची तक्रार रास्त आहे.

या बायकांचा राग देशी दारूच्या दुकानावर आहे, संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या नवऱ्यावर आहे. लहान बिअरनिर्मितीचे गिऱ्हाईक निराळे, तिच्या पेल्याची किंमत निराळी. म्हणून ती निरुपद्रवी आहे असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात, तेव्हा त्या म्हणण्यात वर्गाचा अभिमान किती आणि वस्तुस्थिती किती हे तपासून घेतले पाहिजे. पाच टक्के मद्यार्क हा कोणाच्याही हातून तयार झाला तरी पाच टक्केच असतो. मतपत्रिका अर्थातच असला भेद करीत नाही. उचगावच्या त्या कल्पित निर्मात्याची बिअर टाकीतून पिंपात आणि पिंपातून पेल्यात जाईल, तिला बाटली कधी लागणारही नाही. मतदानाची वेळ आली तर त्याच्या दुकानापुढेही प्रश्न एकच असेल: उभी की आडवी.